येसूचा कातळ

ओढ्याच्या काठाला हा काळा कातळ दिसतोय ना, त्याच्या मधोमध वीतभर लांबीची खोलगट जागा आहे. हात फिरवून बघा, गुळगुळीत लागेल. ती पाण्यानं झिजलेली नाही. पाणी इथवर चढतच नाही.

फार जुनी गोष्ट. गावात नागोजी नावाचा लोहार होता. हात चपळ. विळा असो की कुऱ्हाड, ठोकायची, कानशीनं धार लावायची आणि द्यायची. त्याची बायको येसू. तिला दोन बाळं झाली आणि दोन्ही आठव्या दिवशी आखडून गेली. लोक म्हणत, सटवाईचा कोप. गावची सुईण सयत्राबाय मात्र गप्प असायची म्हणे.

तिसऱ्या खेपेला येसूचे दिवस भरत आले, तशी सयत्राबाय नाळ कापायची सुरी घेऊन भट्टीवर आली. सुरी नागोजीनंच घडवलेली. पात्यावर कानशीचे ओरखडे तसेच होते आणि त्या ओरखड्यांत गंज बसला होता. कितीही धुतलं तरी तो निघत नाही, असं तिनं सांगितलं. नागोजी म्हणाला, उद्या नवी करून देतो.

"नवीही अशीच देशील," सयत्राबाय म्हणाली. "हिच्यात येसूला आपलं तोंड दिसलं पाहिजे. तोवर मी नाळेला हात लावणार नाही."

नागोजीनं ती सुरी तिच्या हातातून घेतली, असं सांगतात. दोन्ही बाळांची नाळ त्याच सुरीनं कापली होती. भट्टी विझवून तो या कातळावर येऊन बसला. आधी जाड वाळूनं पातं आडवं घासलं, तेव्हा गंज सुटला. मग बारीक वाळूनं उभं घासलं, आधीचे ओरखडे पुसले जाईपर्यंत. मग चाळलेली राख, आणि तिच्यावर तेल लावलेलं चामडं. बोटं सोलून निघाली.

तिसऱ्या दिवशी येसू भाकरी घेऊन आली आणि जड अंगानं त्याच्याजवळ टेकली. तो घासत होता, ती ओंजळीनं पाणी घालत होती. मान खाली घालूनच तो म्हणाला, "येसू, माझ्या घाईनं गेली गं आपली लेकरं."

तिनं ओंजळीतलं पाणी पात्यावर सोडलं. मग त्याच्या हातातली सुरी घेऊन तिनं तोंडासमोर धरली.

"अजून धूसर दिसतंय," ती म्हणाली. "घास. मी बसलेय."

मुलगी झाली. आठव्या दिवशी नागोजीनं तिला उजाडल्यापासून मावळेपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही म्हणे. बाराव्या दिवशी बारसं झालं.

आता आमच्या पोरी तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत होतात, तिथं गावच्या सुरीचं काही काम नाही. तरी आजही सातवा महिना लागला की होणारा बाप घरातली सुरी घेऊन इथं येतो. बायको शेजारी बसून पाणी घालते. ती "दिसतंय" म्हणेपर्यंत त्यानं उठायचं नाही. आमच्या हिला दुपारीच दिसलं होतं. पण नवरा शेजारी बसलाय तोवर बसू दे, म्हणून दिवस मावळेपर्यंत ती बोललीच नाही. हे तिनं मला सांगितलं, ते मुलीच्या लग्नात.