थोरल्या विहिरीचं तांबडं पाणी

फार वर्षं झाली. इतकी, की गावाच्या दप्तरातलं त्या काळाचं पान वाळवीने केव्हाच वाचून संपवलं आहे. म्हणून पुढचं सगळं सांगोवांगी आहे. सांगोवांगीला एक बरं असतं, तिला वाळवी लागत नाही.

घाटाच्या पूर्वेला, जिथे पाऊस येतो पण मुक्काम करत नाही, तिथे मुरूमवाडी नावाचं गाव होतं. गावात सात विहिरी होत्या आणि एक रंगारीण होती. तिचं नाव येसाक्का. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुलींची लुगडी ती मंजिष्ठेच्या मुळ्यांनी तांबडी रंगवायची. लुगड्याची गोधडी झाली, गोधडीची फडकी झाली, तरी तिचा रंग उतरत नसे, असं म्हणतात.

रंगाऱ्याला पाणी ओळखता यावं लागतं. एका पाण्यात रंग खुलतो, दुसऱ्यात रुसतो. म्हणून दर अमावास्येला येसाक्का सातही विहिरींचं पाणी आणी, तुरटीत भिजवलेल्या बोटभर पट्ट्या त्या त्या पाण्यात रंगवी आणि आढ्याला ओळीने टांगी. चौदा वर्षांत तिची एक अमावास्या चुकली नाही. पगार घेऊन नोंदी ठेवणाऱ्या भल्याभल्यांना हे जमलेलं नाही.

लोक हसत. "अक्का, एवढ्या चिंध्या कुणाच्या लग्नाला?"

"विहिरींच्या. कुठली नांदतीय नि कुठली झुरतीय, ते बघते."

गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या पात्रात, काळ्या खडकाला एक भेग होती. ओढा खळाळत येई, भेगेत शिरे आणि दिसेनासा होई. दोन वर्षांपूर्वी गावाने या भेगेची एक सोय शोधून काढली होती. मेलेलं जनावर, कुजका कडबा, नको असलेली सगळी घाण तिच्यात लोटायची. ओढा ढकली, भेग गिळी. ना वास, ना माश्या. ही युक्ती रायाजी पाटलांची. तिचा त्यांना इतका अभिमान, की पाहुणा आला की आधी भेग दाखवत आणि मग गूळपाणी देत.

त्या वर्षी भाद्रपदात गावातल्या पोरांना ढाळ-वांत्या लागल्या. खालच्या आळीत तीन पाळणे रिकामे झाले. मग पाटलांची चार वर्षांची नात पारू अंथरुणाला लागली. पोर पाणी मागे, आणि तिला थोरल्या विहिरीचं पाणी देत, कारण त्याच्याहून चांगलं पाणी गावात नाही असं आजे-पणजे सांगून गेले होते. ते पाणी तिच्या पोटात ठरत नसे.

गाव दोषी शोधायला बसलं. असं बसलं की गावाला फार वेळ लागत नाही. येसाक्काच्या दारातून रंगाचं पाणी वाहत होतं आणि ती एकटी होती. एवढा पुरावा पुरला.

पाटील तिच्या दारात आले. "अक्का, गाव म्हणतंय तुझ्या रंगानं थोरली नासली."

"गाव म्हणतंय की तुम्ही?"

"मी गावातच राहतो. अमावास्येच्या आत बिऱ्हाड हलव."

येसाक्का रडली नाही. तिने आढ्याच्या पट्ट्या काढून ओसरीवर पसरल्या. "हे बघा. सहा विहिरींचा रंग तांबडा. थोरलीचा दोन वर्षांपासून काळवंडलाय. माझा रंग चौदा वर्षं वाहतोय, पाटील. तुमच्या भेगेत घाण दोनच वर्षं पडतीय."

"भेग कुठं, विहीर कुठं! मधे सबंध टेकडी आहे."

"पाणी टेकडी चढत न्हाई. खालनं जातं."

"चिंध्या बघून गाव चालत नाही, अक्का."

"मग गावाला दिसंल असं दाखवते. तवर पारूला गुरवाच्या आडाचं पाणी उकळून पाजा, त्याची पट्टी तांबडी हाय. तेवढं तरी ऐका."

पाटलांनी ऐकलं नाही. त्यांच्या मागोमाग येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या सुनेने ऐकलं. तिने त्याच दिवसापासून लेकीला गुरवाच्या आडाचं पाणी उकळून दिलं आणि सासऱ्यांना सांगितलं नाही. त्या घरात बरीच शहाणपणाची कामं अशीच होत.

आपल्या रंगाचं पाणी कुठे जातं ते बघायला येसाक्काने आधी आपल्या दारच्या मोरीत पाटीभर हळद कालवून ओतली. ती थोरलीत नाही, तिच्याच परसातल्या आडात उतरली, आणि त्या आडाचं पाणी तिच्याशिवाय कुणी पीत नव्हतं. मग तिने मंजिष्ठेच्या रांजणांकडे बघितलं. कार्तिकातल्या सहा लग्नांचा रंग त्यात मुरत होता. दोन वर्षं जमवलेल्या मुळ्या होत्या त्या.

ती तो रंग भेगेत ओतणार हे कळताच सहा आया धावत आल्या. "अक्का, माझी पोर काय कोरं लुगडं नेसून बोहल्यावर उभी राहील?"

"यंदा राहील. म्हणजे पुढं तिची पोरं तरी पायावर उभी राहतील."

आया परत फिरल्या. रांजण मात्र त्या सहा मुलींनीच घागरी भरभरून रिते केले. तांबडं पाणी डोक्यावरून मानेवर ओघळत होतं आणि त्या ओढ्याची चढण चढत होत्या. भेगेने सगळा रंग गिळला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, थोरली होती तशीच. गावाने येसाक्काच्या बिऱ्हाडासाठी बैलगाडीही ठरवून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरली तांबडी झाली. पाणी तांबडं, पायऱ्या तांबड्या, बेडूकसुद्धा तांबडे, असं म्हणतात.

आणि गावाने काय करावं? सिदू गुरव ओरडला, "देवी अवतरली! कुंकवाचा सडा घातलाय!" नारळ फुटले, आरती झाली, पाटलांनी हात जोडले. कुणीतरी पारूसाठी तीर्थ म्हणून तांब्याही भरला.

येसाक्का गर्दीतून पुढे घुसली. "टाक तो तांब्या! देवी न्हाई रे, माझी मंजिष्ठ हाय ती!"

"कशावरून?" गुरव म्हणाला.

तिने कमरेच्या दोन पट्ट्या काढल्या, एक साधी आणि एक तुरटीत भिजवलेली. दोन्ही विहिरीत बुचकळल्या आणि बराच वेळ धरून ठेवल्या. मग घरून आणलेल्या पाण्याने खळखळून धुतल्या. साधी पांढरी झाली. तुरटीची तांबडीच राहिली, कडेला काळवंडलेली.

"कुंकू असतं तर दोन्हींवरनं गेलं असतं. मंजिष्ठ तुरटीला धरून राहते. भेगेत वतलं ते हितं आलंय. आता दोन वर्षं तिथं काय काय वतलं, ते आठवा."

आरतीचं तबक खाली आलं. पाटील पायरीवर बसले. "म्हंजे पारूला... मीच?"

येसाक्का त्यांच्या शेजारी बसली. हो म्हणायचा तिला हक्क होता. ती म्हणाली, "समद्यांनीच टाकलं, पाटील. मी पण एकदा मेलेलं मांजर टाकलंय. तवा मलाबी ठावं नव्हतं."

मग मागून सून पदर सावरत म्हणाली, "मामंजी, तीन दिवस मी पोरीला गुरवांच्या आडाचं पाणी देतीय. कालपासनं पेज ठरतीय." पाटलांनी सगळ्या गावासमोर डोळे पुसले.

गाव भेगेत उतरलं आणि आठ दिवस घाण उपसत राहिलं. पाटील सगळ्यात खाली उतरले होते. थोरलीची पट्टी पुन्हा स्वच्छ तांबडी येईपर्यंत, म्हणजे पुढचा पावसाळा सरेपर्यंत, तिचं पाणी कुणी प्यायलं नाही. गुरव शेवटपर्यंत सांगत राहिला, की देवीच मंजिष्ठेच्या रूपाने आली होती. येसाक्काने हरकत घेतली नाही. भेग स्वच्छ राहत असेल तर मान देवीला मिळाला तरी तिचं काही बिघडत नव्हतं.

पुढे ती फार म्हातारी झाली. एका अमावास्येला सात तांबे घेऊन ओढ्याकडे गेली, ती परतली नाही. भेगेच्या काठावर सातही तांबे ओळीने भरलेले सापडले. तिसऱ्या दिवशी थोरली पुन्हा तांबडी झाली, आणि त्या वेळी कुणीच काही ओतलं नव्हतं, असं म्हणतात.

अलीकडे भूजलाचा अभ्यास करणारी एक मुलगी आली होती. तिने भेगेत हिरवा रंग सोडला आणि बाटल्या मांडून थोरलीवर बसली. एक आजीबाई तिला म्हणाली, "बाई, तिसऱ्या दिवशी ये. तवर जेवून घे." मुलगी जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी हिरवं पाणी आलं, तेव्हा तिने वहीत काही लिहिलं, आणि मग येसाक्काचं घर कुठे होतं ते विचारलं.

मुरूमवाडीत लग्न होऊन येणाऱ्या नवरीच्या लुगड्याच्या पदराचं अजूनही वीतभर टोक कोरं ठेवतात. ते तुरटीत भिजवून वाळवतात, म्हणजे भेगेतून काही आलं असेल तर ते त्याला धरेल. घराचा उंबरा ओलांडण्याआधी नवरी थोरलीच्या पायऱ्या उतरते, ते टोक पाण्यात बुडवते, आणि वर धरते.

"कोरं का गं?" काठावरून सासू विचारते.

"कोरं!"

मग सासू त्याच विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन आधी स्वतः पिते आणि मग सुनेला पाजते.