बंद दाराआडची वाटणी

फार फार पूर्वी, नद्यांना पूल ठाऊक नव्हते तेव्हाची गोष्ट. एका गावाची नाव दोराच्या आधाराने नदी ओलांडायची. दोर दोन्ही काठांना ताणून बांधलेला. नावाडी तो धरून नाव पुढे ओढायचा. दोर तुटला, की पुढे धबधबाच.

दरवर्षी प्रत्येक घराने दहा हात दोर वळायचा, अशी रीत. त्यासाठी अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, पाटील द्यायचे, कोठीचं दार लावून, एकेका घराला आत बोलावून.

त्या वर्षी एका तरुण आईला आपली वाखाची जुडी हलकी वाटली. शेजारीण म्हणाली, "अगं, पाटलांच्या पुतण्याची जुडी बघ. गाभण म्हशीसारखी!"

झालं. बाईच्या डोक्यात भुंगा शिरला. विचारावं का पाटलांना? नको, मलाच हावरट म्हणतील. मग न विचारताच तिने निवाडा केला. चांगला वाख काढून लेकीला झोका बांधला आणि दोराच्या पोटात मागच्या वर्षीचा कुजका वाख भरला. वरून दोर इतका गुळगुळीत, की पाटलांनी शाबासकी दिली. ती शाबासकी तिला दोन दिवस पचली नाही. पण झोक्यावरची लेक खिदळली, की वाटे, हक्काचंच तर घेतलं!

दोर नदीवर चढला. सारं गाव काठावर जमलं. पहिल्याच खेपेला लेक आजीबरोबर मामाच्या गावाला निघाली. नाव सुटणार, एवढ्यात आई ओरडली, "थांबा! उतरा आधी!"

"लेकीशिवाय करमेना वाटतं," नावाडी हसला.

"दोर उकला. माझे दहा हात कुजके आहेत."

हसू जागच्या जागी विरलं. दोर उतरवून उकलला. तिचा तुकडा कुजका निघाला. शेजारणीचाही. आणि पुतण्याचाही!

"माझी जुडी नुसती ढिली बांधलेली होती हो," पुतण्या पुटपुटला. "मला वाटलं, तुम्हालाच जास्त मिळालं."

पाटलांनी तो कुजका वाख हातात घेतला. "अरे, गुंजभर फरक केला नव्हता मी! तोलून दिलं सगळ्यांना."

"तोललंत, पाटीलबाबा," बाई खाली मान घालून म्हणाली, "पण दार लावून. आणि आम्हीही ते ठोठावलं नाही."

लपवलेल्या चांगल्या वाखाची घरोघरची दावी, शिंकी, झोके सुटले. नवा दोर वळला गेला. लेक महिनाभर रुसली. तेव्हापासून वाटणी नदीकाठी, सर्वांदेखत होते, आणि वाटणारा आपली जुडी सर्वांत शेवटी उचलतो.

तात्पर्य: झाकून केलेल्या न्यायातून शंका उगवते, आणि न विचारलेली शंका भल्या माणसालाही चोर करते.