गेनूचं घड्याळ आणि आईचे डोळे

एका गावात एक भोळा गडी राहायचा, गेनू त्याचं नाव. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव दुसरा शब्द वापरायचं, तो इथं नको.

गेनूचा बाप वारला. मागं ठेवून गेला एक म्हैस आणि एक मनगटी घड्याळ. साखर कारखान्यातला गोरा साहेब मायदेशी परतताना ते बापाला देऊन गेला होता. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती म्हणाली, "गेनू, मला आता तुझं तोंडसुद्धा दिसत नाही रे. काहीतरी विक, पण माझे डोळे कर."

गेनूचं तोंड न दिसणं हा काही मोठा तोटा नव्हता. पण आईचं मन ते.

गेनू तालुक्याला रसूलभाई घड्याळजींकडे गेला. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आतला नंबर वाचला, भिंग पुसून पुन्हा वाचला.

"गेनबा, लई जुनी चीज आहे ही. नीट ऐक. घासूपुसू नकोस. वय छाती काढून सांग, जितकं जुनं तितका भाव. आणि काटा असो का काच, मूळचा एकही भाग बदलू देऊ नकोस. बदलला की किंमत मातीत गेली. पुढच्या आठवड्यात शहरातला एक शौकीन तुझ्याकडे पाठवतो."

"बरं," गेनू म्हणाला आणि सगळं ध्यानात ठेवलं. तिथंच घोटाळा झाला. विसरला असता तर बरं झालं असतं.

घरी आई म्हणाली, "शौकीन येईल तेव्हा येईल. उद्याच्या बाजारात म्हैस तर विक."

गेनूनं म्हैस धुतली नाही. शेणामातीसकट बाजारात उभी केली. कुजकं दावंही बदललं नाही. जनावरांचा एक हेडी आला आणि जबडा उघडून दात बघायला लागला.

"दात कशाला बघता?" गेनू छाती काढून म्हणाला. "बापाच्या लग्नाआधीची आहे. एवढी जुनी म्हैस अख्ख्या बाजारात दाखवा!"

"दूध किती देते?"

"दुधाचं काय घेऊन बसलात? शेपूट मूळची आहे!"

हेडी इतका हसला की म्हैस बुजली. दावं तटकन तुटलं आणि म्हैस जी उधळली ती अजून सापडलेली नाही.

आईनं कपाळ बडवून घेतलं. "अरे मुडद्या! विकायची चीज धुवावी, तेल चोपडावं, गोंडा बांधावा. आणि वय कमी सांगावं, वय! एवढीही अक्कल नाही?"

"बरं," गेनू म्हणाला. हेही ध्यानात ठेवलं.

आठवड्यानं शौकीन मोटारीतून आला. गेनूनं घड्याळ राखेनं खसाखसा घासलं होतं. वर करडईचं तेल चोपडलं होतं. पट्ट्याला लाल गोंडा.

"किती जुनं आहे?" शौकिनानं विचारलं.

"जुनं? छे हो! परवाच्या जत्रेत घेतलं. अजून दातसुद्धा आले नाहीत त्याला."

शौकीन पारखी माणूस. त्यानं झाकण उघडून आत नजर टाकली आणि आलेलं हसू मिशीत दाबलं. "जत्रेतलं होय? असू दे, तुझ्या म्हातारीकडे बघून घेतो," असं म्हणत त्यानं डोळ्यांच्या ऑपरेशनपुरते पैसे टेकवले आणि मोठ्या घराच्या मोलाची चीज खिशात घातली. गोंडा मात्र परत दिला. प्रामाणिक माणूस!

"जाऊ दे," आई म्हणाली. "डोळे तर होतील."

दोघं शहरातल्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी आईचे डोळे तपासले. "आजी, घाबरू नका. आतलं भिंग खराब झालंय. ते काढतो आणि नवीन बसवतो."

"बसवा बाबा, लवकर बसवा," आईनं हात जोडले.

गेनू ताडकन उठला. "मूळचं काढणार? माझ्या आईची किंमत मातीत घालता होय?"

डॉक्टर काही बोलायच्या आत त्यानं आईला खांद्यावर टाकलं आणि तडक एस.टी. स्टँड गाठलं. ती बिचारी रडत होती, ओरडत होती, त्याच्या पाठीत बुक्के घालत होती.

आणि गेनू भेटेल त्याला छाती काढून सांगत होता, "लई जुनी आई आहे आमची. एकही भाग बदललेला नाही!"