वर सोंडेचे हत्ती

कोणाच्याही आजोबांच्या आठवणीपलीकडचा तो काळ. एका डोंगरावर देवीचे देऊळ होते आणि त्याच्या दाराशी अखंड खडकातून कोरलेला हत्ती उभा होता. त्याचे मस्तक देवीपुढे झुकलेले, सोंड सरळ खाली येऊन भुईला टेकलेली. तो पाहायला दूरदूरचे लोक येत.

पायथ्याचा कुंभार त्याच हत्तीसारखे मातीचे लहान हत्ती करी, भट्टीत भाजी, रंगवी आणि जत्रेत विकी. त्याचा हात कुशल होता, नजर खरी होती. नाही म्हणायला मात्र त्याची जीभ रेटत नसे.

एका जत्रेत एका ठसकेबाज बाईने हत्ती उचलून नाक मुरडले. "अहो दादा, ही सोंड अशी काय? हत्ती आहे की उन्हात दमलेला बैल?"

"बाई, तो देवीला नमस्कार करतो आहे."

"नमस्कार देवळात करू दे. माझ्या घरात सोंड वर हवी. शुभ असते."

कुंभार मनात चडफडला. पण त्याने सोंड वर केली. तिचे पाहून शेजारणीने तसाच मागितला, मग साऱ्या आळीने. देवळातल्यासारख्या हत्तीला गिऱ्हाईकच उरले नाही.

"या लोकांना झाले आहे तरी काय?" तो रोज घरी करवादे.

"एवढा राग येतो, तर करू नका," बायको म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी तो सोंड पुन्हा वरच करी.

अशी एक पिढी सरली. घरोघरी कोनाड्यात वर सोंडेचा हत्ती बसला. तोच पाहत मोठी झालेली मुले डोंगरावर जाऊन खऱ्या हत्तीला हसू लागली. शेवटी गावाने ठरवले, 'दगडाचा हत्ती चुकला आहे. सोंड कापून नवी, उचललेली बसवावी.' पाथरवट आला.

म्हातारा झालेला कुंभार धापा टाकीत डोंगर चढला. "अरे, थांबा! चूक दगडाची नाही. खोटी सोंड मी केली!"

पाटील हसला. "आजोबा, गावातले सगळे हत्ती खोटे, आणि हा एकटा खरा?"

"होय! होय! किती वेळा सांगू?"

"मग इतकी वर्षे का नाही सांगितलेत?"

पाटलाने पाथरवटाला खूण केली. छिन्नी चालली. त्या जड मस्तकाचा भार भुईला टेकलेल्या सोंडेवरच होता. ती तुटताच मस्तक कडाडून खाली आले आणि देवीच्या दारात त्याचे तुकडे झाले.

गाव वरमले. नमुन्यासाठी घरोघरी शोध झाला. मूळ रूपाचा हत्ती एकाही कोनाड्यात निघाला नाही. पाटलाने हात जोडले. "आजोबा, होता तसा एक घडवून द्या. त्यावरून नवा कोरवून घेऊ."

कुंभाराने देवीचे नाव घेऊन माती मळली. पाय झाले, पोट झाले, मस्तक झाले. सोंडेशी येताच बोटांनी सवयीने ती वर उचलली. त्याने चिडून माती मोडली, पुन्हा केली. पुन्हा सोंड वर. तिसऱ्यांदा त्याने ती बळेच खाली ओढली. सोंड खाली आली, पण तिच्यात भक्ती उतरेना. मातीने माखलेले हात गुडघ्यांवर आपटून तो संतापाने रडला. देवीचे दार हत्तीवाचून राहिले ते राहिलेच.

लहानथोरांनो, खोटे आहे हे जाणूनही जो लोकांच्या आवडीसाठी ते घडवीत राहतो, त्याच्या हातून खरे कायमचे निघून जाते.