दही न मोडणारी मोटरसायकल

काळ कुठला ते विचारू नका, फार जुना आहे. वेळ मात्र पक्की सांगता येते. सकाळचे सव्वासात वाजले होते, तेव्हा डोंगरावरच्या एका गावात एक बाई मोटरसायकलवरून उतरली आणि पोट धरून रस्त्याच्या कडेला बसली.

तिला आठवा महिना सरत होता. दवाखाना घाटाखाली, आणि मधे सगळी दगडांची वाट. गावात वाहन म्हणाल तर तिच्या नवऱ्याची ही एकच गाडी, तीही म्हातारी.

"अहो, पार आतून हललं बाळ. या गाडीवर मी आता बसायची नाही."

"मग दवाखान्यात जाणार कशानं?"

"ते तुम्ही बघा."

नवऱ्यानं गाडी अंगणात आणली. पुढच्या चाकाला दोन बाजूंनी धरून असतात त्या नळ्या, शॉकअप म्हणतात त्यांना. त्यांच्यात स्प्रिंग असते आणि तेल असतं. त्याला वाटलं, स्प्रिंग मऊ पडली, म्हणून चाक आपटतं. त्यानं लोखंडी पाइपाचे लांब तुकडे कापले, स्प्रिंगवर बसवले आणि नळ्यांची झाकणं आवळली. गाडीचं तोंड वर आलं. हँडलवर जोर दिला तरी दबेना.

"बघ, कशी वाघासारखी उभी आहे," तो बायकोला म्हणाला.

त्याची आई दारात उभी होती. ती आत गेली आणि लावलेल्या दह्याचं गाडगं घेऊन आली.

"हे मागं बांध, ती बसते तिथं. घाटाच्या तोंडापर्यंत फिरवून आण. दही मोडलं नाही, तर माझी सून बसेल."

तो परत आला तेव्हा गाडग्यातून पाणी गळत होतं.

"ताकच करायचं होतं तर घरात रवी होती की," आई म्हणाली.

त्यानं चिडून सगळे तुकडे काढून टाकले. दुसऱ्या दिवशी नवं दही बांधलं. आता गाडी प्रत्येक दगडावर दबायची आणि उसळायची. दही पुन्हा मोडलं.

"कडक नको, मऊ नको. मग हवं तरी काय तुम्हाला?"

आईनं दोन्ही हातांनी हँडल दाबलं आणि सोडलं. ते टुणकन वर आलं.

"दबतंय ते बरंय रे. पण दबल्याबरोबर उसळतंय, तुझ्या रागासारखं. त्याला कुणीतरी हळू म्हणायला हवं."

सून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

नवरा मात्र गाडीपाशी उकिडवा बसला. स्प्रिंगला हळू म्हणायचं काम तेलाचं, आणि तेलाकडे त्यानं बघितलंच नव्हतं. त्यानं नळीचा खालचा स्क्रू काढला. घोटभर काळं पाणी आलं, बस. नळीच्या तोंडाची रबरी सील फाटून तेल कधीच वाहून गेलं होतं. त्यानं नवी सील बसवली, जरा दाट तेल दोन्ही नळ्यांत सारखं भरलं. स्प्रिंगही खरोखर थकली होती, म्हणून तिच्यावर पाइपाचा छोटासा तुकडा राहू दिला. मग हँडल दाबलं. ते खाली गेलं, सावकाश वर आलं आणि थांबलं.

या वेळी दह्याला एका कडेला केसाएवढी चीर होती. सुनेनं वाकून बराच वेळ बघितलं.

"एवढं चालेल," ती म्हणाली.

महिन्याभरानं कळा सुरू झाल्या, त्या भर दुपारी. ती मागं बसली, नवऱ्याचा खांदा घट्ट धरून.

"हळू हं."

"हळूच आहे."

दगड आला की ती श्वास धरायची. चाक खाली जायचं, दगड पोटात घ्यायचं आणि अलगद वर यायचं. दिवेलागणीला दवाखान्यात तिला मुलगी झाली, चांगली ठणठणीत.

पुढे आसपासच्या गावांतल्या गाड्याही त्यानं तशाच करून दिल्या. त्या घाटात वाटेवर बाळंत व्हायची वेळ मग कुणावर आली नाही.

बोध एवढाच, की जो दबतो आणि सावकाश वर येतो, त्याच्याच भरवशावर दुसऱ्याला निर्धास्त बसता येतं.

आणि तुमच्या ओळखीत कुणाकडे जुनी गाडी असेल, घरात दिवस भरत आलेली बाई असेल, तर त्याच्यापर्यंत एवढा निरोप पोचवा: आधी तेल बघ म्हणावं.