बुवांनी आमटीला नाव ठेवलं

"...आणि तिनं खाणंच सोडलं तर, बुवा?"

जयवंतानं आईबद्दल पुन्हा तेच विचारलं. हरिगिरीबुवा मठीच्या ओट्यावर बसून भिक्षेचं भांडं राखेनं घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"का सोडलं?"

"केमो चालू आहे. तोंड आलंय, चव गेलीय. काहीही खाल्लं तरी लोखंड चाटल्यासारखं लागतं म्हणते. पण परवापर्यंत खात होती. अंगात जरा बळ आलं की उठून रांधतही होती. आता म्हणते, सोमवारचा डोस घ्यायचा नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"औषध लागू पडतंय म्हणतात. मधेच सोडलं तर मात्र..."

बुवांनी भांडं पालथं घातलं.

जयवंत तालुक्याच्या गावी आत्मविश्वास शिकवायचे वर्ग चालवायचा. फी घेऊन. आई आजारी पडली तशी त्यानं घरालाही शिस्त लावली. कुणी रडायचं नाही. कुणी वाईट बोलायचं नाही. आईनं काहीही रांधलं तरी हसत खायचं आणि छान म्हणायचं. म्हातारे नातेवाईक त्यानं दारातूनच परत पाठवले, तेवढं एक बरं केलं. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच आजारानं गेलेल्यांची नावं घेतात ही माणसं, आणि वर चहा मागतात.

नाव न ठेवायचा नियम त्यानं बुवांकडूनच उचलला होता; घरच्यांनी छान म्हणायचं ही भर त्याची. बुवा पाच घरची माधुकरी मागायचे. भात, भाजी, आमटी, जे पडेल ते एकाच भांड्यात कालवायचे, वरून नदीचं पाणी ओतायचे आणि खायचे. अन्नाला चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही. उभ्या हयातीत त्यांनी कुणाच्या रांधण्याला नाव ठेवलं नव्हतं. जयवंतानंही गेल्या साली हे व्रत घेतलं होतं, आणि घेतल्याचं तो भेटेल त्याला सांगायचा.

"तिनं परवा केलेली आमटी कशी होती?" बुवांनी विचारलं.

"मी चवीचं बोलत नाही, बुवा. तुम्हीच शिकवलंत."

"खाल्लीस?"

"दोन वाट्या."

"तुझ्या बापानं?"

"अण्णांनीही. अमृत झालीय म्हणाले."

बुवांनी पहिल्यांदा वर बघितलं.

"अमृत... तो म्हणाला?"

अण्णांनी सबंध संसारात बायकोच्या स्वयंपाकाला कधी बरं म्हटलं नव्हतं. मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचे, जास्त झालं तर भिरकावायचे. असल्या माणसांना गाव कडक म्हणतं. बुवांना हे ठाऊक होतं. त्या दारात भिक्षेला उभं असताना ताट आदळल्याचा आवाज त्यांनी पुष्कळदा ऐकला होता, आणि ऐकून पुढच्या घरी गेले होते. साधू झाला म्हणून माणूस मधे पडतोच असं नाही.

बुवांनी पालथं भांडं उचलून कडेला ठेवलं.

"उद्या माधुकरीला येतो. तुझ्या आईच्या हातचं घेईन."

"तिला उभं राहवत नाही, बुवा."

"मग उपाशी जाईन. तसं सांग तिला."

जयवंत संतापून घरी गेला. म्हाताऱ्याला काळीज नाही, असं वाटेत भेटलेल्या मित्राला म्हणालाही. पण निरोप मात्र त्यानं दिला.

त्याची आई, शेवंताबाई, डोक्याला रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. निरोप ऐकून त्यांनी पांघरूण वर ओढून घेतलं. नको तर नको, मी बाहेरून डबा आणून वाढतो, असं जयवंत म्हणाला, तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला.

"माझ्या दारात माणूस यायचा आणि डबा वाढायचा?"

सकाळी शेगडीपुढे स्टूल मांडून घेतलं. परात मांडीवर घेतली. मधेमधे डोळे मिटून थांबत होत्या. कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

दुपारी बुवा आले. जयवंतानं त्यांना साबणानं हात धुवायला लावले, तोंडाला मास्क बांधला आणि आईपासून लांब, ओसरीवर पाट दिला. बुवा मुकाट सगळं करून घेत होते. ताट आलं तसा त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला.

त्या दिवशी त्यांनी कालवलं नाही. पाणी ओतलं नाही.

भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. चावला. थांबले...

"माई, आमटी खारट झालीय. खाववत नाही."



अण्णांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. जयवंत बुवांच्या तोंडाकडे बघत होता. त्या तोंडातून हे आलं, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मूठभर उरलेल्या बाईच्या तोंडावर, जिनं बसून बसून हे रांधलं तिच्या तोंडावर...

अण्णाच आधी सावरले. "काहीतरीच काय, बुवा. अमृत आहे."

"तुम्ही गप बसा हो."

आवाज बारीक होता. पण शेवंताबाईंनी नवऱ्याला असं बोललेलं त्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं.

"फार खारट?" त्यांनी बुवांना विचारलं.

"घास उतरत नाही."

"आणि भाकरी?"

"कडेला कच्ची आहे."

जयवंत पुढे झाला, बुवांचा दंड धरला. चला म्हणाला, उठा.

"हात सोड त्यांचा," शेवंताबाई म्हणाल्या. मग त्या अण्णांकडे वळल्या. "चाळीस वर्षांत तुम्ही परवा पहिल्यांदा छान म्हणालात. त्या दिवशी मला कळलं, डॉक्टरांनी तुम्हाला काहीतरी सांगितलंय. मी उरत नाही. मग कशाला त्या सुया टोचून घेऊ?"

जयवंताचा हात आपोआप खाली आला.

"आई, तसं काही नाहीये गं. औषध लागू पडतंय. शपथ."

"मग खोटं कशाला जेवलात सगळे?"

अण्णा उंबऱ्यावर बसले आणि तोंडाला उपरणं लावून रडायला लागले. कडक म्हणून नावाजलेला माणूस असा रडताना बघवत नाही. बायकोनंही फार बघितलं नाही.

"बुवा, उठू नका," त्या म्हणाल्या. "बटाटा टाकते, मीठ ओढून घेईल."

भिंत धरून त्या शेगडीपाशी गेल्या. बटाटा चिरून टाकला, ऊनऊन पाणी ओतलं. मग मागे न बघता म्हणाल्या, "रडून झालं असेल तर इकडे या. माझ्या जिभेला काही कळत नाही. तुम्ही चाखा. आणि खरं सांगा. ताट न फेकता."

अण्णा गेले. पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाखली. मुलाकडे बघितलं. मुलानं मान खाली घातली.

"अजून... खारट आहे," अण्णा हळूच म्हणाले.

"हं."

जरा वेळानं बाईंनी परत पळी पुढे केली. "आता?"

"मीठ बरोबर आहे." अण्णा घुटमळले. "चिंच कमी पडलीय."

"आले बघा वळणावर," शेवंताबाई बुवांना म्हणाल्या, आणि चिंचेचा कोळ घातला.

बुवांना दुसऱ्यांदा वाढलं. भाकरीही नवी, कडेपर्यंत भाजलेली. बुवा जेवले. मग बाईंनी स्वतःसाठी वाटीत थोडी आमटी घेतली आणि भिंतीला टेकून बसल्या. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"लोखंडच आहे मेलं."

पण वाटी खाली ठेवली नाही. घोट घोट करत संपवली. मग म्हणाल्या, "जयवंता, सोमवारी गाडी किती वाजता सांगितलीयस?"

बुवा निघाले. जयवंत अनवाणीच त्यांच्या मागे गल्लीत आला. अजून त्याचा चेहरा ठिकाणावर नव्हता.

"बुवा... तुम्ही व्रत मोडलंत."

बुवा चालत राहिले.

"जन्मभराचं व्रत. माझ्या घरात. आता त्याचं प्रायश्चित्त काय?"

बुवा थांबले.

"आधी पाणी आण, लेका. पहिली आमटी फारच खारट होती."