कवठी चाफ्याला बी का धरत नाही

फार पूर्वी, त्रेतायुगाच्या आरंभी, विंध्याच्या दक्षिण उतारावर, शीतवाहिनी नदीच्या तीरी दृढधृती नावाच्या महातपस्वी मुनींचा आश्रम होता. दारी आलेल्या अतिथीने मागितलेली वस्तू नाकारायची नाही, असे बारा वर्षांचे उग्र व्रत त्यांनी आरंभले होते. त्यापायी त्यांनी गाई दिल्या, धान्य दिले, अंगावरचे वल्कलही दिले. त्यांची कीर्ती स्वर्गापर्यंत पोचली. घरात मुलगी उपाशी निजते, ही वार्ता मात्र तिकडे कोणी नेली नाही.

ती मुलगी सुपर्णिका. वनदेवतेने दिलेले एकुलते एक बी रुजवून तिने एक झुडूप वाढवले होते. उन्हाचा चटका बसू नये म्हणून वडाच्या सावलीत ते लावले, कुजलेला पाला घातला, ओल कधी तुटू दिली नाही. आणि याची मांसल मुळे एकदा दुखावली की सावरत नाहीत, हे ओळखून बुंध्याशी कधी कुदळ टेकवली नाही. व्रताच्या अखेरच्या दिवशी त्याला पहिली कळी आली.

नेमका त्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी, दिग्विजय करून परतणारा प्रमर्दन राजा आश्रमात आला. कळीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मुनिवर, हे झुडूप मला हवे. माझे सेवक ते मुळासकट उपटतील."

"दिले!" मुनी म्हणाले.

सुपर्णिका झुडपाला मिठी मारून उभी राहिली. "तात, उपटले की हे मरेल. हवे तर मला दासी म्हणून द्या, पण याच्या मुळांना हात लावू देऊ नका."

राजा हसला. "म्हणजे बारा वर्षांचे व्रत एका पोरीपुढे मोडले म्हणायचे!"

मुनींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कमंडलूतले पाणी हाती घेऊन ते गरजले, "ज्या झुडपासाठी तू पित्याला अतिथीसमोर खोटे पाडतेस, त्याच झुडपात कोंडून राहा! तुझ्या फुलांना कधीही बी न धरो!"

क्षणात मुलगी दिसेनाशी झाली आणि पानापानांत कापरे भरले. शाप देताना ऋषींना विचार करायला वेळ नसतो. नंतर तो पुष्कळ मिळतो.

"आता उपटू ना?" राजाने विचारले.

मुनींनी त्याचे पाय धरले. पण राजा म्हणाला, "सूर्य अजून मावळलेला नाही. 'नाही' म्हणा, मी निघालो." आणि, लिहिताना संताप येतो, मुनींच्या तोंडून तो एक शब्द निघेना!

तेव्हा झुडपातून क्षीण आवाज आला. "तात, एका फांदीवरची साल कड्यासारखी गोल सोला. त्या जखमेवर ओली माती आणि शेवाळ बांधा. काही आठवड्यांनी तिथे मुळे फुटतील. मग ती फांदी कापून राजाला द्या."

"मान्य," राजा म्हणाला. "मात्र साल मुनींनीच सोलायची."

दर्भ कापायच्या सुरीने मुनींनी साल सोलली. झुडूप विव्हळत होते, आणि सुरी मध्येच थांबली की राजा म्हणत होता, "अजून थोडी राहिली."

सूर्य मावळला, व्रत पुरे झाले. ब्रह्मदेव प्रकट होऊन म्हणाले, "दृढधृते, तुझे व्रत अखंड राहिले."

"देवा, मग त्या पुण्याच्या बदल्यात माझी लेक परत दे!"

"पुण्य कुठले? ते सगळे तू त्या शापात खर्चून टाकलेस. उरले ते नुसते व्रत."

तेव्हापासून कवठी चाफ्याला बी धरत नाही. दुसरे रोप हवे असेल, तर आजही माळ्याला फांदीची साल सोलून गुटी बांधावी लागते. त्याचे फूल खाली मान घालून उमलते. त्या संध्याकाळी पहिली कळी उमलली, तेव्हा लेकीचे तोंड दिसावे म्हणून दृढधृती मुनी मातीत आडवे झाले. त्यांनी हात पुढे केला, आणि बोट लागताच सगळ्या पाकळ्या गळून त्यांच्या तोंडावर पडल्या.